फाळणी म्हणजे फाडणं का? मोजणीच्या कागदावरचा हा शब्द बदलावा असं माझं मत

कृष्णाकाठी (धागाकर्ता)

वडील जाऊन चार वर्षं झाली. मागं साडेतीन एकर रान: नदीकडचं काळं दोन एकर, वर माळाला दीड. आम्ही दोघं भाऊ आणि आई. चुली आठ वर्षांपूर्वीच वेगळ्या झाल्यात, पण बेंदराला बैलांची पूजा अजून एकाच दारात होते (बैलजोडी एकच उरलीय आणि तीही भावाकडं, ते सोडा). भांडण म्हणावं असं काही नाही. यंदा वाटणीपत्र केलं, सरस-निरस बघून. भावाला काळ्यातलं पाच गुंठे जास्त, मला विहिरीलगतची बाजू. आईनं तिचा वाटा आम्हा दोघांत सोडला.

आता जमीन मोजून पोटहिस्से पाडायचे म्हणून अर्ज आणला. संध्याकाळी सोप्यात बसून मोठ्यानं वाचत होतो. आई शेंगा फोडत बसली होती. 'फाळणी' हा शब्द आला आणि तिनं पाटी बाजूला सारली.

"कसली फाळणी? आमी काय हिंदुस्तान-पाकिस्तान हाय व्हय?"

सही करणार नाही म्हणाली. सात-बाऱ्याला वारस म्हणून तिचंही नाव आहे, तिच्या सहीशिवाय पुढं काही हलत नाही. आज चौथा दिवस, कागद देवळीत पडलाय.

तेव्हापासून माझ्या डोक्यात हा शब्द बसलाय. माझं म्हणणं असं. फाळणी हा फाडणीचाच दुसरा उच्चार आहे. ड चा ळ मराठीत सर्रास होतो, गुड चा गूळ झालाच की. दुफळी, फाळणी, फाडाफाडी हे सगळं एकाच घरचं. याउलट वाटणी हा गोड शब्द. प्रसाद वाटतात, पोरगं झालं की पेढे वाटतात, सुगीला बलुतेदाराला त्याचा वाटा देतात. संस्कृतात वण्ट् म्हणजे वाटून देणे, त्यातून वाटा आणि वाटणी आली, हिंदीतलं बाँटना पण तिथलंच. (पाट्यावर मिरची वाटतात ते वाटणं वेगळं. काही घरांत वाटणीच्या वेळी दोन्ही एकदम होतं, हा भाग निराळा.)

मग घरातल्या माणसांच्या कागदावर सरकारनं फाडण्याचा शब्द का ठेवावा? सगळीकडं 'वाटणी' लिहावं. बोला.

निवृत्त मास्तर

कृष्णाकाठी, आईसाहेबांचा राग समजतो. तुमची व्युत्पत्ती मात्र साफ चुकली.

गुळाचा दाखला तुम्ही भलत्या जागी लावलात. गुड या शब्दात ड संस्कृतातच आहे. असा मुळातला, दोन स्वरांमधला ड मराठीत ळ होतो: गुड-गूळ, तडाग-तळं, षोडश-सोळा, पीडणे-पिळणे. पण फाडणे या शब्दातला ड मूळचा नाही. तो ट चा झालेला ड आहे. स्फाट् वरून फाडणे. ट चा ड झाला की गाडी तिथंच थांबते, पुढं ळ पर्यंत जात नाही. घोटक-घोडा, वट-वड, कटु-कडू, त्रोट-तोड. वडाला 'वळ' आणि घोड्याला 'घोळा' कुणी म्हटलेलं ऐकलंय का? तसंच फाडण्याचं फाळणं होत नाही.

मग फाळणीतला ळ कुठला? तो ल चा. फल-फळ, काल-काळ, बाल-बाळ, आणि फाल-फाळ. संस्कृतात फाल म्हणजे नांगराचा फाळच. ऋग्वेदाच्या चौथ्या मंडलात शेताच्या देवाचं सूक्त आहे, त्यात 'शुनं नः फाला वि कृषन्तु भूमिम्' असं येतं. आमचे फाळ जमीन नीट नांगरोत, अशी प्रार्थना. शब्द तेव्हापासूनचा आहे आणि वस्तूही.

याच्या मागं धातू आहे फल्. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, 'ञिफला विशरणे' असा दिलाय. विशरण म्हणजे फुटणं, उकलणं. गंमत बघा, त्याच धातूचं रूप 'फुल्ल', उमललेलं. तिथं जोड ल्ल होता म्हणून मराठीत साधा ल उरला: फूल. एकाच घरातून एक बाहेर पडलं ते फूल झालं, दुसरं फाळ. तेव्हा फाळणी फुलाची चुलत बहीण आहे, फाडण्याची नव्हे. आईसाहेबांना एवढं सांगा.

गोडीछाटणी

मास्तर, तासगावात आमच्या द्राक्षबागेत एप्रिलला खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या आगंमागं गोडी छाटणी असते. नाव गोडी, पण वेलीला विचारा कात्री कशी लागते ते. फुलाची बहीण असली म्हणून शब्दाची धार जात नाही.

निवृत्त मास्तर

धार जाते असं मी म्हटलंच नाही. फाडणं नाही एवढंच म्हटलं.

बांधकरी

मास्तर, व्याकरण ऐकून घेतलं. आता जरा रानात या.

मी लाकडी नांगर धरलेला माणूस आहे. उन्हाळ्यात नांगरट चालू असली की दर दोन-चार दिवसांनी फाळ बोथट व्हायचा. आमच्या काळ्या रानात जरा उशिरानं, माळाच्या मुरमाड रानात दुसऱ्या दिवशीच. मग कडी ठोकून फाळ सोडवायचा आणि लोहाराकडं शेवटायला न्यायचा. आज पोरांना 'शेवटणं' म्हटलं तर संपवणं वाटतं. फाळ शेवटणं म्हणजे भट्टीत लालबुंद करून घणानं त्याचं टोक परत लांबवायचं. मी भाता ओढायला बसायचो. टोक पाण्यात सोडलं की चर्र आवाज आणि एक वास यायचा, तो मला अजून येतो. दरवेळी फाळ बोटभर झिजलेला असायचा. दोन-तीन वर्षांत नवा घ्यायला लागायचा.

आता मुद्दा. आमच्यात भावाभावांचं रान वेगळं झालं की पंच दोन्ही टोकांना उभे राहायचे आणि मधून नांगराचं एक तास, म्हणजे फाळानं पडलेली चरी, काढायचे. ते तास म्हणजे हद्द. पुढं पावसाळ्यात त्याच्यावर माती ओढून बांध घालायचा. फाळानं हद्द पाडली म्हणून फाळणी. एवढं सरळ आहे. धातुपाठ कशाला लागतो?

निवृत्त मास्तर

चित्र झकास आहे, पण शब्द असा बनत नाही. कापणे-कापणी, छाटणे-छाटणी, मोजणे-मोजणी. 'णी' लागते ती क्रियापदाला. आधी फाळणे हवं, मग फाळणी. फाळ या नामाला थेट णी चिकटवता येत नाही. आणि फाळणे म्हणजे चिरून भाग करणे. त्यात नांगर असलाच पाहिजे असं नाही.

बांधकरी

मग नांगरणी कशी झाली वो? नांगर नाम आहे का क्रियापद?

निवृत्त मास्तर

नांगर वरून नांगरणे, त्यावरून नांगरणी.

बांधकरी

तसंच फाळ वरून फाळणं, त्यावरून फाळणी. अडलं कुठं?

निवृत्त मास्तर

हं. रचनेच्या बाजूनं अडत नाही, हे कबूल. पण मग फाळणे म्हणजे नांगरणे असा अर्थ झाला असता. तो झाला नाही. मराठीत फाळ्याचा जो अर्थ टिकला तो हिशेबाचा. आपल्याकडं ग्रामपंचायतीची पावती काढून बघा.

वारणाकाठ

अगदी हेच लिहायला आलो होतो. घरफाळा! पुण्याचे पाहुणे आले की हा शब्द वाचून हसतात, त्यांच्याकडं मिळकत कर. कोल्हापूर महापालिकेत आख्खा घरफाळा विभाग आहे. वारणेच्या अल्याडच्या आमच्या पंचायतीच्या पावतीवरही घरफाळा आणि खाली पाणीपट्टी. आता घरफाळ्यात काय फाडतात? खिसा, असं म्हणू नका, जुना विनोद आहे. फाळा म्हणजे एकूण खर्च घरोघर विभागून प्रत्येकाच्या नावावर पडलेली रक्कम. जत्रेला वर्गणीचा फाळा बसवतात तोच. म्हणजे फाळणी = फाळा बसवणं. हा हिशेबनिसाचा शब्द आहे, यात रक्त नाही, घाम पण नाही. खंडणीचं बघा. खंड म्हणजे तुकडा, खंडून देणे म्हणजे रक्कम ठरवून देणे, त्यातून खंडणी. आज गुंडांमुळं तो शब्द बदनाम झाला. फाळणी १९४७ मुळं झाला.

जतचा कानडी

तुम्ही सगळे उत्तरेकडं तोंड करून बसलाय. जरा दक्षिणेला बघा. आमच्या जत तालुक्यात घरात कानडी आणि बाजारात मराठी. कानडीत वाट्याला 'पालु' म्हणतात. भागीदार तो पालुदार. रान वाटून घेतलं की 'पालु आयतु', वाटणी झाली. पालु आणि फाळा. अर्थ एकच, गाव शेजारी. संस्कृतातल्या नांगरापर्यंत जायची गरजच काय? आणि फाळा-घरफाळा हे शब्द कोल्हापूर-सांगलीकडंच जास्त बोलतात, म्हणजे कानडी मुलखाला लागून, हे पण लक्षात घ्या.

निवृत्त मास्तर

विचार करण्यासारखं आहे, पण दोन ठिकाणी अडतं. एक, कानडीतल्या साध्या प चा मराठीत फ व्हायला काहीतरी कारण हवं. दोन, पालु मध्ये ल आहे, ळ नाही. कानडीत 'पाळु' असा ळ चा शब्द आहे, पण त्याचा अर्थ ओसाड, उद्ध्वस्त. वाटणीला तो कुणी लावणार नाही. (शेवटी तसंच होतं हे सोडून द्या.) इकडं फाल, फाळ, फाळणे, फाळा ही ओळ सरळ लागते.

जतचा कानडी

ओळ सरळ लागली म्हणजे खरी असते का सर? मराठीच्या पोटात किती कानडी आहे ते मराठीवाले कबूल करत नाहीत, ही जुनी तक्रार आहे आमची. अक्का, अण्णा, ताई म्हणताना नांगर आठवत नाही तुम्हाला. तरी ळ चा मुद्दा मान्य. पालु मागं घेतो. आंब्याच्या फोडीला आम्ही 'होळु' म्हणतो, ते आणि पोळी एकत्र करून पुढच्या खेपेला येतो.

पुण्यात अडकलेला सातारकर

तीस प्रतिसाद वाचतोय असं वाटलं, मोजले तर निम्मेही नाहीत. माझा विरोध सगळ्यांनाच.

शब्दाचं मूळ काय, याचा त्याच्या आजच्या अर्थाशी काय संबंध? धाग्यातल्या आईनं शब्द ऐकला आणि तिला पंजाब दिसला. तिला फुल्ल-फूल सांगून काय होणार? हिंदीत विभाजन म्हणतात किंवा बँटवारा. पंजाबीत वंड, म्हणजे आपल्या वाटणीचाच सख्खा भाऊ. बांगलात देशभाग. गुजरातीत भागला. सगळ्यांनी घरगुती, वाटण्याचा-भागाचा शब्द घेतला आणि तो रक्तानं भिजला. आपण मराठीत फाळणी घेतला. शाळेच्या पुस्तकात १९०५ ची बंगालची फाळणी, १९४७ ची देशाची फाळणी. माझ्या पिढीला फाळणी म्हटलं की हेच. एकदा देशाला लागलेला शब्द परत घराला लावू नये, एवढंच आईचं म्हणणं असेल तर ते मला बिनतोड वाटतं.

आणि आपल्याच जिल्ह्याचं बघा. १ ऑगस्ट १९४९ ला साताऱ्याचे दोन जिल्हे झाले, उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा. २१ नोव्हेंबर १९६० ला दक्षिण साताऱ्याचं नाव सांगली झालं. माझे आजोबा त्याला कायम 'जिल्हा वेगळा निघाला' म्हणायचे, जसा भाऊ वेगळा निघतो तसा. 'साताऱ्याची फाळणी' असं कुणाच्या तोंडून मी ऐकलं नाही. देशाच्या नंतर दोनच वर्षांनी झालं सगळं, शब्द ताजा होता. तरी नाही वापरला.

थोरली पाती

सातारकर, तुमच्या आजोबांचा शब्द बरोबर आहे आणि तो जुना आहे. वाटण्यांच्या बाबतीत आमच्या मिरजेचा हात कुणी धरायचा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी चिंतामणराव पटवर्धन मिरजेतून वेगळे निघाले आणि सांगलीला आले. १८२० ला उरलेल्या मिरजेचे चार वाटे झाले. त्यातले दोन पुढं औरस वारस नाही म्हणून इंग्रजांनी खालसा केले. राहिले दोन: थोरली पाती आणि धाकटी पाती. कुरुंदवाडातही तसंच. पाती म्हणजे हिस्सा. एवढी संस्थानं चिरफाळली, पण नाव ठेवताना भावकीचा शब्द ठेवला, थोरला आणि धाकटा. त्याच्याही आधी १७३१ ला वारणेच्या तहानं शाहू महाराज आणि कोल्हापूरचे संभाजी महाराज यांच्यात मुलूख वाटला गेला. वारणेच्या उत्तरेला सातारा, दक्षिणेला कोल्हापूर. ती नदी आज सांगली आणि कोल्हापूर जिल्ह्यांची हद्द आहे. चुलतभावांनी ओढलेली रेघ तीनशे वर्षं होत आली तरी जागेवर आहे. सरकारी मोजणीची रेघ इतकी टिकते का सांगा!

वारणाकाठ

'चिरफाळली' असा शब्द तुम्ही सहज लिहून गेलात. त्यात फाळच आहे. हिशेबाचा शब्द म्हणणारा मी, आता जरा डळमळलो.

साखळी आणे

मोजणी खात्यात आयुष्य गेलं, आता निवृत्त. सगळे विद्वान बोलले, पण कागदावर तो शब्द का आहे हे कुणी विचारलं नाही.

वाटणी आणि फाळणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकीच्या जागी दुसरी लिहिता येत नाही. वाटणी होते माणसांची: कुणाचा किती हक्क. ती वाटणीपत्रानं होते, कोर्टातून होते, किंवा जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ८५ खाली तहसीलदारासमोर होते. फाळणी होते जमिनीची. सर्व्हे नंबर प्रत्यक्ष मोजायचा, हिस्से पाडायचे, प्रत्येक हिश्शाला क्षेत्र आणि आकार बसवायचा, नकाशा काढायचा. आकार म्हणजे सरकारी सारा. तोही हिश्शाप्रमाणं फोडावा लागतो, त्याला आकारफोड म्हणतात. त्यावरून सात-बारा दुरुस्त होतो. अभिलेखात 'फाळणी बारा' नावाचा जुना कागद असतो, त्यात या पोटहिश्शांच्या मोजणीची टिपणं सापडतात. म्हणजे घरफाळावाल्यांचं म्हणणं माझ्या अनुभवाशी जुळतं. एक बोजा होता, त्याचे हिस्से केले आणि प्रत्येकाच्या डोक्यावर त्याचा त्याचा ठेवला.

आमच्या वेळी ३३ फुटी साखळी असायची, तिचे सोळा आणे. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा. आता रोव्हर (उपग्रहाच्या आधारानं मोजायचं यंत्र) घेऊन पोरं येतात आणि तासाभरात जातात. साखळी ओढताना पायात काटा मोडायचा, तेव्हा बांधावरचे दोघं भाऊ मिळून पाणी आणून द्यायचे. मोजणी संपेपर्यंत ते बोलत असायचे. खुणेचा दगड रोवला की एक जण कमी बोलायला लागायचा. किती बांधांवर बघितलंय.

आणि कळीचं सांगतो. आपल्या भागातली निम्मी भांडणं अशी की वाटणी झाली, फाळणी झालीच नाही. सात-बाऱ्यावर नावं वेगळी, आणेवारी (कुणाचा हिस्सा किती ते) वेगळी, पण नकाशात सर्व्हे नंबर आजोबांच्या वेळचा तसाच अखंड. मग एक जण दरवर्षी नांगरताना वीतभर बांध कोरतो आणि दुसरा कोर्टात जातो. कोरला हे सिद्ध करायला रेघच नसते. म्हणून म्हणतो, अर्जावर 'वाटणी' छापलं तर गावाचं वाटोळं होईल. लोक म्हणतील, आमची तर झालीय वाटणी, मोजणी कशाला?

जाता जाता. तुकडेबंदीचा कायदा १९४७ चाच आहे. देशाचे तुकडे झाले त्याच साली मुंबई प्रांतानं रानाचे तुकडे पाडायला बंदी करणारा कायदा केला. बागायतीला दहा गुंठे आणि जिरायतीला वीस, ही २०२३ ची मर्यादा. कृष्णाकाठींचं क्षेत्र बघता त्यांना अडचण नाही.

बांधकरी

साखळीवाल्यांना मानलं. तरी माझा फाळ मी सोडत नाही. तुम्ही रेघ कागदावर काढता, आम्ही तासानं काढायचो. काम तेच.

पुण्यात अडकलेला सातारकर

साखळी आणे, तुमचा मुद्दा कार्यालयापुरता पक्का. पण मग 'हिस्से मोजणी' म्हणा, 'पोटहिस्सा' म्हणा. शब्द आहेतच की. फाळणीच का?

साखळी आणे

दीडशे वर्षांचे दप्तर त्या शब्दानं लागलेलं आहे म्हणून. उद्या शब्द बदलला की जुना कागद शोधायला तुमच्याच मुलाला आठ हेलपाटे पडतील.

माहेरवाशीण

पहिल्या ओळीपासून वाचतेय. फाळ, फाळा, पालु, साखळी, पटवर्धन, वेद. कुणीही एक प्रश्न विचारला नाही, म्हणून मी विचारते. कृष्णाकाठी, तुम्हाला बहीण आहे का?

विचारायचं कारण सांगते. वाटणी म्हणा नाहीतर फाळणी, ते शब्द भावांचे. आमच्यासाठी तिसराच शब्द आहे: हक्कसोड. महाराष्ट्रात १९९४ ला कायदा बदलला, देशात २००५ ला. लेकीचा हक्क लेकाएवढा. त्यानंतर आमच्या पट्ट्यात दिवाळीला-राखीला साडी, जेवण आणि सोबत एक सहीचा कागद असं सुरू झालं. मी पण केलीय सही. माझ्यावर कुणी जबरदस्ती केली नाही. भाऊ म्हणाला, 'तायडे, एवढं सही करून टाक म्हणजे कागद सरळ होतील.' दुय्यम निबंधकासमोर विचारतात, स्वखुशीनं करताय ना? मी हो म्हटलं. माहेर तुटायला नको होतं. तोडणे, सोडणे, फाळणे. आता सांगा मास्तर, यातल्या सोडण्याचा धातू कोणता?

निवृत्त मास्तर

ताई, धातू विचारायला तुम्ही हा प्रश्न केला नाही, हे कळतं मला. गप्प बसतो.

गोडीछाटणी

सगळीकडं हक्कसोडच करतात असं नाही ताई. आमच्या भावकीत दोन ठिकाणी बहिणींनी वाटा घेतला. बोलणं बंद झालं हे खरं, पण घेतला. आणि उलट बाजूही बघा. आई-वडिलांचं दवाखान्यापासून सगळं गावात राहणाऱ्या भावानं करायचं, कर्ज त्याच्या नावावर, सोसायटीची थकबाकी त्याच्या डोक्यावर. वाटा मागताना कर्जाचा फाळा पण वाटून घेणार का, असा प्रश्न भावानं विचारला तर तो वाईट होत नाही.

माहेरवाशीण

कर्जाचा फाळा घ्यायला मी तयार होते. तसं कुणी विचारलंच नाही. सरळ सोडायचा कागद पुढं आला. आणि आईचं दवाखान्याचं म्हणाल तर शेवटचे सात महिने आई माझ्याकडं होती. पण मी तुमच्या घरचं बोलत नाही, आमच्या घरचं बोलतेय. धागाकर्त्यानं अजून उत्तर दिलेलं नाही.

वारणाकाठ

विषय शब्दाचा होता ना?

माहेरवाशीण

शब्दाचाच आहे. पहिल्या पोस्टमध्ये 'आम्ही दोघं भाऊ आणि आई' असं लिहिलंय. ते वाचा.

कृष्णाकाठी (धागाकर्ता)

दोन दिवस इकडं फिरकलो नाही, उसाला तोड आली होती.

आधी व्युत्पत्ती. मास्तर, फाडणीचं मागं घेतो. घोळा-वळ वाचून हसलो आणि पटलं. साखळी आणे, वाटणी वेगळी आणि फाळणी वेगळी हे मला माहीत नव्हतं. कागदावरचा शब्द बदलावा हे म्हणणं सोडलं. सातारकरांचं मात्र अजून डोक्यात आहे, कारण आई चिडली ती धातूमुळं नव्हे.

काल रात्री आईला हे सगळं वाचून दाखवलं. जमेल तसं. फाळ म्हटल्यावर ती जरा निवळली. आमच्या लाकडी नांगराचा फाळ अजून परड्यात गोठ्याच्या कुडाला टांगलाय, वडील दर दसऱ्याला त्याला कुंकू लावायचे. म्हणाली, "फाळाचा शबूद हाय व्हय. मग असूं दे." मी लगेच कागद पुढं केला.

तिनं विचारलं, किती तुकडं पाडणार? म्हटलं, दोन.

"आनि पोरं किती हाईत मला?"

तर माहेरवाशीण, तुमचं उत्तर. बहीण आहे. माझ्याहून थोरली, अक्का. इचलकरंजीला दिलीय. गेल्या दिवाळीला हक्कसोड केलंय, नोंदणी झालेलं. जबरदस्ती नव्हती हे मी पण लिहिणार होतो, मग तुमचं वाक्य आठवलं. पहिल्या पोस्टमध्ये तिचं नाव का नाही आलं, याचं उत्तर माझ्याकडं नाही. खरंच सुचलं नव्हतं.

साखळी आणे

नोंदणीकृत हक्कसोड झालं असेल तर आता तिला देताना बक्षीसपत्रानं द्यावं लागेल. वकिलाला विचारून घ्या. मोजणीचा अर्ज त्यानंतरच भरा, नाहीतर फाळणी दोनदा करावी लागेल.

कृष्णाकाठी (धागाकर्ता)

भावाशी बोललोय. तो 'बघू' म्हणाला. अक्काला सकाळी फोन केला, रविवारी येते म्हणाली, कशाला ते सांगितलं नाही. अर्ज परत देवळीत ठेवलाय.